सिद्धेश्वर ते लोणार : वाटाड्याबरोबर जावे की आपल्या मोटारीने?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या या मातीच्या धरणाची लांबी सहा किलोमीटरहून अधिक भरते. वरच्या अंगाला परभणी जिल्ह्यातील येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, अशी ही पूर्णा प्रकल्पाची जोडी. पावसाळा सरता सरता जलाशय भरला, की आसपासच्या गावांतून माणसे येतात, पाणी पाहतात, काठावरच्या काळ्या दगडांवर बसून डबे उघडतात आणि संध्याकाळी परततात. ज्या दगडावर बसून आपण जेवलो, तो एकेकाळी वाहता लाव्हा होता, हे त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते.

ज्वालामुखी पाहायला जायचे म्हटले, की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर हवाई, बाली किंवा आइसलँड उभे राहते. फार तर अंदमानजवळचे बॅरन बेट. धूर ओकणारा शंकूसारखा डोंगर हवा, अशी आपली समजूत. वस्तुतः महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांपैकी एकाच्या राशीवर वसलेला आहे. तो पाहण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. शनिवार-रविवारची सुटी, एखादी मोटार किंवा एखादा चांगला वाटाड्या एवढे पुरते. या दोहोंपैकी काय निवडावे, हा प्रश्न बहुतेक घरांत खर्च आणि सोय या दोन मुद्द्यांवरच सुटतो. त्याहून आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जी भूमी पाहायची, ती अजून तापलेली आहे की थंड झाली आहे? तापलेल्या भूमीवर वाटाड्याचे काम जीव राखण्याचे असते. थंड भूमीवर त्याचे काम समोर दिसते ते समजावून सांगण्याचे. ही दोन कामे एकच मानली, तर एका ठिकाणी पैसे वाया जातात आणि दुसऱ्या ठिकाणी प्राणावर बेतते.

शंकू नसलेला ज्वालामुखी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस बाहेर आला. त्याचा डोंगर झाला नाही. पातळ काकवी परातीत पसरावी, तसा तो मैलोन् मैल पसरला, थिजला; त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज या बेसॉल्ट खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे आणि झिजून गेलेला भाग धरला, तर मूळ विस्तार याहून कितीतरी मोठा होता. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे येताना ती उतरत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे घेतलेल्या विंधन छिद्रात बेसॉल्टची जाडी अवघी ३३८ मीटर भरली. आणखी पूर्वेला, नांदेड जिल्ह्याच्या कडेला तर हे पांघरूण संपते आणि त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. हिंगोली या उतरंडीच्या मधोमध येते.

भूशास्त्रज्ञ या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. जिंतूरच्या डोंगरांकडे किंवा अजिंठ्याच्या रांगेकडे रस्त्यावरून पाहिले, की हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. सपाट माथा, उभी कड, पुन्हा सपाटी, पुन्हा कड. एकेक पायरी म्हणजे ढोबळमानाने लाव्ह्याचा एकेक थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखी तांबडी पट्टी दिसते. पहिला थर थिजून त्यावर माती तयार झाली, मग पुढचा तप्त लोंढा तिच्यावर आला, याची ती खूण. दोन उद्रेकांमध्ये किती काळ शांततेत गेला असेल, याचा अंदाज अभ्यासक अशाच पट्ट्यांवरून बांधतात.

या खडकाची झीज होऊन काळी माती झाली. कापूस, सोयाबीन आणि हळद तिच्यावर उभी आहे. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद याच जिल्ह्यातली. तेव्हा हिंगोलीत ज्वालामुखी कुठे आहे, असे कोणी विचारले, तर शेतात, विहिरीत, देवळाच्या भिंतीत आणि जेवणाच्या ताटातही, असे उत्तर देता येईल. अडचण हीच, की जे सगळीकडे असते ते सहसा दिसत नाही.

स्वतःच्या मोटारीचे सुख

ही अडचण दूर करण्यास मोटार फार उपयोगी पडते, कारण हा ज्वालामुखी एका जागी नाही. तो रस्त्याच्या कडेला, तुकड्यातुकड्यांनी भेटतो आणि तो पाहण्यासाठी भलत्याच ठिकाणी थांबावे लागते: घाटातील नवी कापलेली कड, दगडाची जुनी खाण, पुलाखालचे कोरडे पात्र, नुकतीच खोदलेली विहीर. पंचेचाळीस आसनांची बस अशा ठिकाणी थांबत नाही. ती चहाला आणि देवळाला थांबते.

यांतही विहीर सर्वांत बोलकी. मराठवाड्यातील जुन्या विहिरीत वाकून पाहिले, तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक आणि त्याखाली अभेद्य काळा कातळ असा क्रम अनेकदा दिसतो. मधल्या मऊ खडकाला विहीर खोदणारे ‘मांजऱ्या’ म्हणतात. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे झिओलाइट व गारगोटीसारखी पांढरी खनिजे भरली, तोच हा खडक. पाणी मुरते आणि झिरपते ते बहुधा अशा मऊ थरांतून किंवा भेगांतून. सलग कातळ पाणी देत नाही. दुष्काळाच्या वर्षी कोणाची विहीर टिकते आणि कोणाची आटते, याचे निदान काही अंशी सहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या बुडबुड्यांत सापडते. हे पदवीधर मार्गदर्शकाला पुस्तकातून ठाऊक असते आणि विहीर खोदणाऱ्याला सुरुंगाचे भोक घेताना ठाऊक झालेले असते. मोटारीने जाणाऱ्याने दोन शब्द नम्रपणे बोलले आणि मालकाला विचारून पाहिले, तर मराठवाड्यातील शेतकरी आपली विहीर सहसा अभिमानाने दाखवतो. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांचा हात मात्र सोडू नये.

हिंगोलीहून निघून औंढा, सिद्धेश्वर, जिंतूर, मंठा आणि लोणार असा मार्ग धरला, तर एका मुक्कामात हे सारे बसते. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील हिंगोलीपर्यंत रेल्वेने येऊन पुढे गाडी भाड्याने घेणेही शक्य आहे. मुंबई-पुण्याहून रात्रभर मोटार हाकत येण्यापेक्षा ते कितीतरी बरे. औंढ्याचे नागनाथ मंदिर भाविक ज्योतिर्लिंग म्हणून पाहतात. भूशास्त्राच्या नजरेनेही ते पाहण्यासारखे आहे. खालचा जुना भाग काळ्या पाषाणाचा, शिल्पांनी गजबजलेला. वरचे शिखर नंतरच्या काळातले. लिंग जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते, त्यामुळे स्थूल किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी आधी विचार करावा. नामदेवांना विसोबा खेचर भेटल्याची कथा याच देवळाशी जोडलेली आहे. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन गुंफामंदिरे त्याच काळ्या डोंगरात आहेत.

याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रयोगशाळेची जागा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्राला जमिनीची अगदी बारीक थरथरही चालत नाही; जागा निवडताना भूमीची शांतता पाहिली गेली ती त्यासाठी. येथे एक शंका साहजिकच येते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, वसमत तालुक्यातील काही गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात. मग हा जुना ज्वालामुखी जागा तर होत नाही ना? तसे नाही. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला असून त्याला पुन्हा वर ढकलणारा रस येथे खाली नाही. हे धक्के खोलवरच्या खडकांतील ताण मोकळा होण्याचे आहेत. त्यांची काळजी घराच्या बांधणीच्या दृष्टीने करावी. ज्वालामुखीच्या दृष्टीने नव्हे.

लोणारला वाटाड्या का हवा

या सहलीचा कळस लोणार आणि नेमके तेच ज्वालामुखी नाही. बुलढाणा जिल्ह्यातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. युरोपीय लेखनात त्याची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी केली. नंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असेच मानले गेले, आणि भोवती सगळाच लाव्हा असल्याने ते स्वाभाविकही होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखवले. निर्णायक पुरावा मात्र १९७३ मध्ये पुढे आला. प्रचंड आघातानेच तयार होणारी ‘मॅस्केलिनाइट’ नावाची काच लोणारच्या खडकांत सापडली आणि हा खड्डा उल्कापाताचा असल्याचे सिद्ध झाले. वयाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. जुन्या मोजणीत ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. १९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्मारक आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ, असे दोन्ही मान त्याला मिळालेले आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाल्याने ते देशभर गाजले. क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता.

येथे वाटाड्यावाचून गेलेला पर्यटक बहुधा काठावर उभा राहतो, छायाचित्र काढतो आणि वीस मिनिटांत गाडीत बसतो. हे नुकसान मोठे आहे. काठाचा उंचवटा हा आघाताने उसळलेल्या दगडमातीचा ढिगारा आहे, तेथील थर उलटे-तिरपे झालेले आहेत, गोमुखाची धार गोडी आणि तळ्याचे पाणी खारे का, कमळजा देवीच्या मंदिराकडची वाट सध्या कुठवर मोकळी आहे, यांतील एकही गोष्ट फलक वाचून नीट कळत नाही. शिवाय परिसर वन्यजीव अभयारण्य आहे. झाडी दाट, पाऊलवाटा फुटलेल्या आणि पाण्याची पातळी वर्षागणिक बदलती. त्यामुळे गेल्या वर्षी जिथून चालता येत होते, तिथे यंदा पाणी असू शकते. उतरायला सोपी वाटणारी चढण दुपारच्या उन्हात परतताना दमवते. या कारणांनी लोणारला अर्ध्या दिवसाचा स्थानिक वाटाड्या घेणे शहाणपणाचे ठरते. मोटार आपली आणि वाटाड्या गावचा, ही जोडणी बांधीव सहलीपेक्षाही चांगली आणि चौघांच्या कुटुंबाला सहसा स्वस्तही.

वाटाड्या निवडताना एक साधी कसोटी लावावी. पैसे ठरवण्यापूर्वी त्याला विचारावे, की हा खड्डा कशाने झाला. ‘ज्वालामुखीने’ असे उत्तर आले, तर त्याचे ज्ञान १९७३ च्या मागे राहिले आहे. केवळ लवणासुराची कथा आली, तर कथेपुरते पैसे द्यावेत. दैत्यसूदन मंदिराची शिल्पे पाहताना ती कथा लागतेच. दोन्ही सांगून त्यांतील फरकही सांगणारा भेटला, तर त्याला दिवसभर सोडू नये. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) एका दिवसात लोणार दाखवून आणणाऱ्या सहलींनाही हीच कसोटी लागू आहे. प्रत्यक्ष विवरावर किती तास, तळाशी उतरवणार की काठावरूनच परत, हे आधी विचारून घ्यावे. चारचाकी चालवता न येणारे, एकट्याने जाणारे किंवा वयस्कर यांना अशी सहल सोयीची. बाकीच्यांचे तीन-चार तास तीत नुसते खिडकीशी बसण्यात जातात.

आणि जेथे भूमी तापलेली आहे

मराठवाड्यात वाटाड्याची चूक झाली, तर चुकीची माहिती मिळते. जिवंत ज्वालामुखीवर तसे नसते. म्हणून येथील अनुभवाच्या जोरावर तेथले निर्णय घेऊ नयेत.

अंदमानातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. तेथे निवडीचा प्रश्नच नाही. बेटावर उतरण्याची मुभा पर्यटकांना नाही. परवानगी असलेल्या नौकेतून दुरूनच पाहावे लागते. हवाई बेटावर याउलट स्थिती आहे. किलाउएआ ज्वालामुखी ज्या राष्ट्रीय उद्यानात येतो, तेथे चांगले रस्ते व पाहण्याचे कट्टे आहेत. अमेरिकेत नातलगांकडे गेलेले मराठी कुटुंब भाड्याची मोटार घेऊन स्वतः फिरू शकते, आणि उद्यानाच्या सूचना पाळल्या तर ते वावगेही नाही. मात्र दम्याचा त्रास असणाऱ्यांना गंधकयुक्त वायू बाधतो आणि कठड्यापलीकडची जमीन खालून पोकळ असू शकते.

सहल कंपनी सोबत आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा समज सर्वांत घातक. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर ९ डिसेंबर २०१९ रोजी उद्रेक झाला, तेव्हा बेटावर ४७ जण होते. त्यांतील बहुतेक पैसे भरून, मार्गदर्शकांसह आलेले पर्यटक होते. २२ जणांचा मृत्यू झाला, मृतांत मार्गदर्शकही होते. त्या ज्वालामुखीच्या इशाऱ्याची पातळी तीन आठवड्यांपूर्वीच एकावरून दोनवर नेलेली होती. जपानच्या ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी आपापले चढून गेलेल्या गिर्यारोहकांवर उद्रेक कोसळला. मृत व बेपत्ता मिळून ६३. तेथे तर इशारा सर्वांत खालच्या पातळीवरच होता. पहिल्या घटनेत वाचायला काहीतरी होते, दुसऱ्या घटनेत तेही नव्हते. म्हणून जिवंत ज्वालामुखीच्या सहलीत विचारायचे ते जेवण आणि हॉटेलबद्दल नव्हे. आजची इशारा-पातळी काय, ती वाढली तर सहल रद्द करून पैसे परत मिळणार का, मुखापासून किती अंतरावर थांबणार आणि परतीचा रस्ता एकच आहे की दोन, हे विचारावे. रद्द झालेल्या सहलीचे पैसे परत न देणारी संस्था नकळत आपल्या मार्गदर्शकालाच जोखीम घ्यायला भाग पाडत असते.

मराठवाड्यातला खरा धोका

सिद्धेश्वर-लोणार सहलीत ज्वालामुखीचा धोका शून्य आणि रस्त्याचा भरपूर. समृद्धी महामार्गामुळे लोणार मुंबई आणि नागपूर दोन्हींना जवळ आले आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि मेहकर परिसरातून उतरले, की लोणार फार दूर नाही. परंतु याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. मोटार असो वा बस, रात्रीचा प्रवास टाळणे हा येथील सर्वांत मोलाचा सल्ला. स्वतः चालवणाऱ्याने टायरची हवा आणि वय तपासल्याशिवाय तापलेल्या काँक्रीटवर शंभरच्या पुढे जाऊ नये, आणि दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत काळा कातळ इतका तापतो, की दुपारी काही पाहण्याची इच्छाच राहत नाही. पावसाळ्यात लोणारचे विवर हिरवेगार होऊन सर्वांत सुंदर दिसते; पण तेव्हा येलदरी-सिद्धेश्वरचे दरवाजे उघडण्याची शक्यता असते, म्हणून पूर्णेच्या पात्रात खडक पाहायला उतरू नये. धरणाच्या बांधावर जाण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. तांबड्या पट्टीचा किंवा पांढऱ्या खनिजाचा तुकडा उचलून आणण्याचा मोह रस्त्याकडेच्या खाणीत समजण्यासारखा आहे. लोणारच्या संरक्षित परिसरातून मात्र खडाही उचलू नये.

आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या चालकांना ठाऊक नसते. काळी माती सुकलेली असताना भेगाळलेली आणि टणक दिसते, पण एका सरीने तिचा चिखल होतो. तो चाकाला चिकटत चिकटत चाकाएवढा जाड होतो आणि मोटार जागची हलत नाही. ट्रॅक्टरवाला येईपर्यंत मग वाट पाहत बसावे लागते. पाऊस पडून गेला असेल, तर विहीर कितीही जवळ दिसत असली तरी गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी आणि पुढचे अंतर बांधावरून चालत जावे.